लग्नाच्या स्वयंपाकाच्या व्हॅनमधून तंजावर

नील, तू पाठवलेल्या फोटोतली व्हॅन मी भिंगाखाली धरून पाहिली. पुढचे दिवे गोल आणि भाबडे, वरचा रंग पांढरा, खालचा पुदिन्याच्या चटणीचा. खिडक्यांना पडदे, आत पलंग, ओटा, बेसिन. "आजी, इंडियात अशा जुन्या गाड्या कुणाच्या तरी शेडमध्ये धूळ खात पडलेल्या असतात, एखादी शोध ना," असं तू लिहिलं होतंस. इरा, तू त्याखाली "पडदे पिवळे हवेत" एवढंच लिहिलं होतंस. दोघांच्या आज्ञेप्रमाणे शोध घेतला. व्हॅन मिळाली, तिच्यातून आम्ही तंजावरला जाऊन आलो आणि परत चेन्नईत सुखरूप आहोत. तुमची आई हे वाचून दाखवताना कंटाळून मधली पानं गाळील, म्हणून पानांना आकडे घातले आहेत.

पण व्हॅन तुझ्यासाठी शोधली असं म्हणाले तर ते खोटं होईल. ती अक्कांसाठी शोधली. अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. वय ब्याऐंशी, राहणं आमच्याकडेच. खुब्याचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं, त्यामुळे अर्ध्या तासापेक्षा जास्त बसता येत नाही. आडवं पडलं की ठीक. त्यांची पाठची बहीण चिम्मक्का तंजावरला. तिची डावी बाजू अर्धांगाने गेलेली, चार वर्षं घराचा उंबरा ओलांडलेला नाही. दोघींची भेट होऊन अकरा वर्षं झाली होती. दर रविवारी फोनवर चिम्मक्का विचारायची, "येतीस का नाही?" आणि अक्का म्हणायच्या, "येतें." गेल्या काही महिन्यांत चिम्मक्काने विचारणंच सोडून दिलं. ते अक्कांच्या जिव्हारी लागलं.

आगगाडीच्या पायऱ्या अक्कांना चढवत नाहीत. अ‍ॅम्ब्युलन्सचं नाव काढलं तर त्या भडकल्या. "अ‍ॅम्ब्युलन्स दारीं थांबली तर चिम्मा मज पाहायच्या आधीच रडूं लागेल. मग मीं जिवंत उतरून काय उपयोग?" अक्कांची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आली आणि तिथेच राहिली. मी नाशिकची. लग्न होऊन आले तेव्हा त्या मला आणि मी त्यांना अशुद्ध समजत होतो. पन्नास वर्षांत समेट असा झाला की आता दोघींनाही स्वतःचंच शुद्ध वाटतं.

अशा वेळी तुझा फोटो आला. चाकांवरचा पलंग! आजोबांनी चष्मा पुसला.

ईस्ट कोस्ट रोड: न चालणारी व्हॅन

फोटोतल्यासारखी जर्मन व्हॅन समुद्राकाठच्या एका बंगल्यात आहे असं कळलं. मालकाने आमच्या चपला बाहेर काढायला लावल्या. देवळात काढतोच, म्हणून काही वाटलं नाही. पण आत व्हॅनसाठी एअरकंडिशनर चालू होता आणि मालकांच्या हातात पांढरे सुती मोजे होते, तेव्हा मात्र मला आपण नैवेद्य आणायला हवा होता असं वाटू लागलं.

"ही किती अ‍ॅव्हरेज देते?" आजोबांनी विचारलं.

"सर, ही चालवायची नसते."

"मग?"

"जपायची असते." त्यांनी दाराखालचा एक तांबूस डाग दाखवला. "हा बघा. मूळ गंज. कारखान्यातून आली त्या पिढीचा. हा घासला तर किंमत निम्मी होईल."

आत झोपून पाहता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात वाळवण घालू का म्हणून विचारलं होतं. त्यांनी किंमत सांगितली. तेवढ्यात अंबत्तूरला दोन खोल्यांचा फ्लॅट येतो, आणि फ्लॅटला निदान संडास असतो.

परतताना आजोबा म्हणाले, "आपल्या घरात मूळ गंज किती आहे हे त्याला कळलं तर तो मलाच उचलून नेईल."

अंबत्तूर: चालणारी

आजोबांनी तीस वर्षं गिंडीच्या एका लहान कारखान्यात पंप बनवले. त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र हा थोडासा बिघडलेला पंप आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या ओळखीचा मेकॅनिक सेल्वम. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या, अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पत्र्याची शेड. तिथे खरोखरच जुन्या व्हॅन धूळ खात उभ्या होत्या. नील, तुझा अंदाज बरोबर होता, फक्त त्यांना गोल डोळे नव्हते.

"ह्यांचे फोटो कुणी काढत नाही, सार," सेल्वम म्हणाला. "म्हणून स्वस्त."

त्याने दाखवलेली व्हॅन इथेच मद्रासमध्ये जन्मलेली. तिची कंपनी कधीच बंद पडली, व्हॅनला मात्र कुणी तसं कळवलेलं नाही. आधी तिने शाळेची मुलं वाहिली, मग लग्नाच्या स्वयंपाकाची भांडी. दोन्ही बाजूंना वाढलेलं केळीचं पान रंगवलेलं, त्यावर भात, वडा, अप्पळम म्हणजे पापड, आणि तमिळमध्ये मोठ्या अक्षरांत 'कल्याण समैयल', म्हणजे लग्नाचा स्वयंपाक. ते पान आधी पुसून टाका, असं मी म्हणाले. सेल्वमचं मत पडलं की रंग काढू नये, कारण पत्र्याला सध्या रंगानेच धरून ठेवलं आहे.

"ही ज्या लग्नाला गेली ना अम्मा, त्यातलं एकही मोडलं नाही," त्याने हमी दिली. दुसरी कसलीच हमी तो देत नव्हता.

आडवं पडून प्रवास कसा होतो हे तपासायला आजोबा स्वतः आत फळीवर उताणे झोपले, छातीवर हात ठेवून, डोळे मिटून. मागचं दार उघडं ठेवून सेल्वमने व्हॅन हळूहळू इस्टेटभर फिरवली. चहाला बाहेर आलेले कारखान्यांतले कामगार ग्लास हातात तसेच धरून उभे राहिले. दोघांनी हात जोडले. फेरी संपल्यावर आजोबा उठून बसले आणि म्हणाले, "सस्पेन्शन चांगलं आहे." मग एका कामगाराचा ग्लास खाली पडला.

व्हॅन घेतल्यावर सुताराने आत रुंद फळी ठोकली, खाली खण केले. सावरीच्या कापसाची जोडगादी घातली. टी. नगरच्या गर्दीत दोन तास धक्के खाऊन मी हळदीच्या रंगाची, कोपऱ्यात डाग असलेली साडी आणली. सहावारीत चार खिडक्या झाल्या, इरा, आणि डाग पलीकडच्या बाजूला गेला. स्वयंपाकघर म्हणून स्टोव्ह ठेवायचं ठरलं होतं, पण इंजिन दोन्ही पुढच्या आसनांच्या मधोमध असतं आणि त्याचं झाकण इतकं तापतं की इडल्यांचा डबा त्यावर ठेवला की झालं. जर्मनांना हे सुचलेलं दिसत नाही.

एक मात्र कुणालाच काढता आलं नाही. ऊन वाढलं की त्या पत्र्यातून हिंग आणि चिंचेचा वास येतो. दुपारी बारानंतर आपण रसममध्ये बसलोय असं वाटतं.

रविवार: प्रस्थान

मुलांनो, आता नीट ऐका. पुढचा सगळा घोटाळा इथे झाला.

सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ. आम्ही सहालाच निघणार होतो, पण गाडी चालवणार होता सेल्वम आणि त्याच्या वेळेवर अक्कांचा विश्वास नव्हता. "अस्कं ठेवलंस, शांते. प्रस्थान नाहीं ठेवलंस," त्या मला म्हणाल्या. 'सगळं' हा शब्द त्यांच्या मराठीत पोचलाच नाही. त्या 'अस्कं' म्हणतात.

प्रस्थान म्हणजे असं, की चांगल्या वेळी आपली एखादी पिशवी शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. तिथून प्रवास सुरू झाला असं धरतात. मग आपण खरोखर केव्हाही निघालो तरी चालतं. राहुकाळ आपल्याला पकडायला घरी येतो आणि पाहतो तर आपण आधीच गेलेलो असतो. आमच्या नाशिकलाही ही चाल होती, पण मी इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे इंग्रजीच शिकवलं, त्यामुळे असल्या गोष्टींना मी हसते आणि मग करते.

पिशवीत एक लुगडं, सुपारी आणि मूठभर तांदूळ पुरतात. पण मी शिस्तीची बाई. मी विचार केला, जी वस्तू काहीही झालं तरी विसरता कामा नये, ती आधीच घराबाहेर पडलेली बरी. म्हणून पिशवीत अक्कांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या, व्हॅनच्या कागदपत्रांची फाइल ठेवली, चिम्मक्कासाठी घेतलेलं नऊवारी ठेवलं आणि सर्वांत वर माझी त्रेचाळीस कलमांची यादी ठेवली. सकाळी दहा वाजता पिशवी शेजारच्या राजम मामींच्या स्वाधीन केली. मामी तमिळ, सदुसष्टच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी पिशवी देवघरापाशी ठेवून हळद-कुंकू लावलं.

यादीतलं पहिलं कलम होतं: 'राजम मामींकडून पिशवी घेणे.'

सोमवार: मदुरांतकम, आणि पुढे

सेल्वम पावणेआठला आला. ऐन राहुकाळात. वर चार लिंबं आणायला थांबलो होतो, असं म्हणाला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, कापूर ओवाळला, अक्कांना खुर्चीसकट आत चढवलं आणि गादीवर निजवलं. त्यांनी पडदा बाजूला करून गल्लीकडे पाहिलं, राणीसारखी मान हलवली. लिंबं चिरडली. राजम मामींनी गच्चीवरून हात हलवला. मीही हलवला. दोघींनाही काही आठवलं नाही.

तांबरमपर्यंत वाहनं आम्हाला ओलांडत होती. पुढे सायकलीही ओलांडू लागल्या. सेल्वम ताशी पस्तीसच्या वर जाईना. "चाळीसला ती विचार करू लागते, सार," तो म्हणाला. चेंगलपट्टूचं तळं मी इतक्या वेळा आगगाडीतून पाहिलं होतं, पण त्यात बगळे उभे असतात हे या वेगामुळे कळलं. एका बगळ्याने मासा पकडून गिळेपर्यंत आम्ही त्याच्या समोरच होतो.

मदुरांतकमला इडल्या काढल्या. इंजिनवरच्या, वाफाळत्या. त्यानंतर अक्कांच्या गोळीची वेळ. मी यादी पाहायला हात घातला. यादी नव्हती. यादी कशात ठेवली ते आठवलं. मग पिशवी कुठे आहे ते आठवलं.

"अहो," मी म्हणाले.

तुमचे आजोबा चौपन्न वर्षं माझ्या 'अहो'चे प्रकार ओळखतात. त्यांनी इडली खाली ठेवली. "काय राहिलं?"

"प्रस्थान."

परत फिरणं म्हणजे दिवस जाणार, अक्का दुसऱ्यांदा चढ-उतर सोसणार नाहीत आणि सेल्वमला बुधवारनंतर सुट्टी नाही. म्हणजे ही भेट राहिली ती राहिलीच. मला रडू येत होतं, पण माझा स्वभाव रडण्याआधी कुणाची चूक ते ठरवण्याचा आहे, आणि ती नेमकी माझीच होती.

पडद्यामागून अक्का आजोबांना म्हणाल्या, "गोळी नसली तर मीं मरत नाहीं. ही व्हॅन मागें वळली तर मात्र मरीन. रामू, पुढें चल."

सेल्वमच्या मोबाइलवरून मी राजम मामींना फोन केला. "अय्यय्यो!" मामी म्हणाल्या. मग, "विळुप्पुरम बसस्टँडवर थांबा. मी घेऊन येते."

"मामी, तुम्ही? एकट्या?"

"प्रस्थान माझ्या घरी ठेवलंत ना? मग ते पोचवायची जबाबदारी कुणाची?"

मामी टी. नगरच्या पलीकडे एकट्या कधी गेल्याचं मला आठवत नाही.

तिंडिवनमच्या अलीकडे पोलिसाने हात दाखवला. त्याने आधी केळीच्या पानाकडे पाहिलं. "वडा आहे?" आहेत फक्त थंड इडल्या, असं सांगितल्यावर त्याला कर्तव्याची आठवण झाली. "कागद."

आजोबांनी इंजिनाबद्दल बोलायला सुरुवात केली. मी त्यांना थांबवलं आणि सरळ खरं सांगितलं. कागद आहेत, पिशवीत आहेत, पिशवी प्रस्थानात आहे, प्रस्थान शेजारी आहे. इंग्रजीत सांगितलं असतं तर त्याने आम्हाला आत टाकलं असतं. तमिळमध्ये सांगितलं, तर त्याने कपाळाला हात लावला.

"माझ्या लग्नात अम्माने असंच केलं," तो म्हणाला. "पिशवीत काय ठेवलं, तर ताली! मंगळसूत्रच! मंडपात सगळे बसलेत, भटजी हात पुढे करून बसलेत, आणि ताली मावशीकडे कपाटात." त्याने आत डोकावून अक्कांना विचारलं, "पाट्टी, तुम्ही कुठे?"

"बहिणीकडे."

"किती वर्षांनी?"

"अकरा."

"येताना कागद दाखवून जा, सार," तो आजोबांना म्हणाला आणि बाजूला झाला. इडल्याही घेतल्या. थंड.

रेडिएटर दोनदा उकळला. पहिल्यांदा पाणी मिळालं, दुसऱ्यांदा शहाळी मिळाली. दोन्ही वेळा आत काय ओतलं हे सेल्वम सांगत नाही. आम्ही विळुप्पुरम बसस्टँडवर पोचलो तर राजम मामी सिमेंटच्या बाकावर बसलेल्या. मांडीवर आमची पिशवी, बाजूला त्यांची स्वतःची. सरकारी एक्स्प्रेस बसने त्यांनी आम्हाला वाटेत कुठेतरी ओलांडलं होतं. त्यांनी खिडकीतून ओरडून हाकही मारली होती म्हणे, पण आजोबा इंजिनाचा आवाज ऐकण्यात गुंग होते.

गोळी दिली. अक्कांनी ती गिळून विजयाने माझ्याकडे पाहिलं. "पाहिलंस, शांते? प्रस्थान ठेवलं म्हणून पिशवी तरी आधीं पोचली."

"आता तुम्हाला परतीच्या बसमध्ये बसवून देतो, मामी," आजोबा म्हणाले.

मामींनी तिकीट पुढे केलं. "कंडक्टरने विचारलं, कुठे? माझ्या तोंडून तंजावूरच निघालं. आता काढलंय तिकीट, तर फुकट का घालवा?" आणि तिकीट बसचं असूनही त्या आमच्या व्हॅनमध्ये चढल्या. त्यांच्या पिशवीत दहीभाताचे पाच डबे होते. सहज तोंडून निघालेला प्रवास मी कधी इतका नीट बांधलेला पाहिला नाही.

मंगळवार: कुंभकोणम

रात्र नेय्वेलीला आजोबांच्या जुन्या सहकाऱ्याच्या अंगणात काढली. अक्का आणि मामी व्हॅनमध्येच झोपल्या. सकाळी दोघींनी सांगितलं की इतकी गाढ झोप वर्षानुवर्षं लागली नव्हती, आणि दोघींनी सांगितलं की दुसरी घोरते.

पोंगल होऊन गेलेलं. रस्त्याची अर्धी बाजू शेतकऱ्यांनी भात वाळवायला घेतलेली. मोटारी हॉर्न वाजवत त्या भाताला शिव्या देत होत्या. आमचा वेग असा होता की राखण करणारी बाई आमच्याशी चालत चालत गप्पा मारू शकली. यंदा दाणा कसा भरलाय ते तिने अक्कांना मूठभर देऊन दाखवलं. तुझ्या जर्मन गाडीला हे जमलं नसतं, नील. ती एअरकंडिशनरमध्ये होती.

कुंभकोणमला पितळी वाटी-पेल्यातली कॉफी प्यायला थांबलो. माझ्या माहेरच्या चहाचा मला अभिमान आहे, पण त्या कॉफीसमोर तो उभा राहत नाही, हे मी इथे लिहून देते. नाशिकला कळवू नये. पेला अर्धा झाला तोच रेशमी वेष्टी नेसलेला एक घामाघूम गृहस्थ व्हॅनच्या दारावर थापा मारू लागला.

"पायसम कुठाय? दोन पंगती खोळंबल्यात! मुलाकडची माणसं पानावर बसलीयत!"

आजोबा समजावू लागले. तो ऐकेना. त्याने पानाच्या चित्रावर बोट ठेवलं, जणू त्यावर आमची सही होती. त्याने दार सरकवलं. आत पिवळ्या पडद्यांच्या उजेडात गादीवर अक्का, उशाशी राजम मामी.

"ये, ये," अक्का तमिळमध्ये म्हणाल्या. "नीट बघ. मी तुला पायसम दिसते का?"

तो मागे सरला, तर कॉफीच्या बाकावर आदळला. शेवटी कळलं की खरी स्वयंपाकाची व्हॅन मांडवाच्या मागच्या दाराशी केव्हाच पोचली होती. मग मात्र त्याला लाज वाटली, आणि लाज वाटलेला तमिळ माणूस जेवू घातल्याशिवाय सोडत नाही. लग्नघराच्या दारावरून उपाशी जायचं नाही, हा इथला कायदा आहे. आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे आधी 'आलात का जेवून?' असं विचारतात. इथे विचारत नाहीत. अक्कांना उतरता येत नाही म्हणून पानं व्हॅनमध्येच आली. लग्नाच्या स्वयंपाकाच्या व्हॅनमध्ये बसून आम्ही लग्नाचा स्वयंपाक जेवलो. नवरी स्वतः येऊन अक्कांना वाकून गेली. सेल्वम तिला गंभीरपणे म्हणाला, "काळजी नको. आता हे लग्न मोडत नाही."

तंजावर

चिम्मक्काचं घर पश्चिम राजवीथीच्या बाजूच्या गल्लीत आहे. जोतं उंच. पाच पायऱ्या, दगडी, एकेक वीतभर उंच. आम्ही सगळं आखलं होतं: गादी, वेग, गोळ्या, पडदे. या पायऱ्या कुणाच्या डोक्यात नव्हत्या. आजोबा ज्या घरात जन्मले त्याच्या पायऱ्या ते विसरले होते.

अक्कांनी पडद्यातून त्या पायऱ्या पाहिल्या आणि तोंड फिरवलं. साडेतीनशे किलोमीटर आलो आणि पाच पायऱ्यांपाशी थांबलो. खुर्चीवरून न्यायचं तर जिन्यासारख्या त्या चढावर खुर्ची तिरकी होते आणि खुबा दुमडतो. चिम्मक्काचा मुलगा दारात उभा राहून हात चोळत होता. गल्लीतल्या बायका केळीचं पान पाहून, "काय विशेष आहे? बारसं आहे का?" म्हणून विचारायला जमल्या होत्या. आणि आतून एक बारीक, चिडका आवाज येत होता, "आली का? आली म्हणालांत ना? मग मज कां दिसत नाहीं?"

राजम मामींनी पदर खोचला. "ती चढू शकत नाही ना?" त्या म्हणाल्या. "मग ही उतरू दे. हिची कंबर ठीक आहे ना?"

चार वर्षं उंबरा न ओलांडलेल्या चिम्मक्काला तिच्या मुलाने आणि सेल्वमने आरामखुर्चीसकट उचललं. पाच पायऱ्या उतरवल्या आणि त्या रुंद फळीवर, सावरीच्या गादीवर, अक्कांच्या शेजारी निजवलं. सुताराला मी जोडगादीचं माप का दिलं होतं ते मला आजही सांगता येत नाही. टी. नगरला सूट होती, हे एक कारण.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"वाळलीस," अक्का म्हणाल्या.

"तूं सुजलीस," चिम्मक्का म्हणाली. मग नाक उडवून, "हा वास कसला?"

"रसमाचा."

"हिंग जास्त पडलाय." आणि तिने चांगला हात अक्कांच्या हातावर ठेवला.

आम्ही सगळे व्हॅनच्या दाराशी दाटी करून उभे होतो. अक्कांनी मान वळवली. "शांते, दार लाव."

मी दार सरकवून लावलं. दोन तास ती व्हॅन गल्लीत उभी होती. आतून कधी हसणं आलं, कधी काहीच नाही. एकदा दोघी मोठ्याने भांडल्या. कुणाच्या तरी लग्नातल्या चांदीच्या तांब्यावरून, ते कुणाचं लग्न ते मला कळलं नाही. दार उघडलं तेव्हा खिडकीकडे कुणी निजायचं यावर वाद चालला होता.

दुसऱ्या दिवशी चिम्मक्काने सेल्वमला हुकूम सोडला: चारी राजवीथ्यांवरून फिरव. या रस्त्यांवरून देवाचा रथ फिरतो. आम्ही पस्तीसनेही नाही, दहाने गेलो. पिवळे पडदे बांधलेले, गादीवर दोघी, उशाशी मामी, बाहेरून वडा-अप्पळम. फुलवालीने हात जोडले. अंबत्तूरची आठवण होऊन मी दचकले, पण चिम्मक्काने उजवा हात वर करून तिला खुशाल आशीर्वाद दिला.

सेल्वमने एक दिवस जास्त थांबायचं कबूल केलं. गुरुवारी निघताना चिम्मक्का रडली नाही. मला ते जरा विचित्र वाटलं. अक्काही रडल्या नाहीत. येताना पोलिसाला कागद दाखवले. त्याने ते पाहिलेच नाहीत, बहीण कशी आहे ते विचारलं.

परत घरी

शनिवारी मी व्हॅन झाडायला घेतली. गादी उचलली तर भिंतीच्या बाजूला, फळीच्या फटीत एक गाठोडं होतं. आमचं नव्हतं, आमच्या सामानाची यादी माझ्याकडे आहे, आता दोन प्रती. सोडून पाहिलं. चिम्मक्कासाठी मी नेलेलं नवं नऊवारी, एक सुपारी, मूठभर तांदूळ. गाठ एका हाताने आणि दातांनी मारलेली दिसत होती.

मी ते अक्कांच्या खोलीत नेलं. त्यांनी पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

"अक्का, तुम्हाला माहीत होतं?"

"प्रस्थान ठेवल्यावरी दहा दिवसांत निघावं लागतं," त्या भिंतीला म्हणाल्या. "दोन गेले."

आजोबांनी सेल्वमला फोन केला. तो क्लच उतरवून बसला आहे आणि मंगळवारी देतो म्हणतो, म्हणजे गुरुवार धरायचा. राजम मामींनी दहीभाताचे डबे घासून आमच्या ओट्यावर आणून ठेवले आहेत. या वेळी त्यांच्याकडे काहीही ठेवायचं नाही असं आमचं ठरलं आहे. त्या स्वतःच येणार आहेत. आमच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, त्यांवर आजोबा फळीचा उतार बसवत आहेत आणि तो पंपासारखा करत आहेत.

तेव्हा नील, व्हॅन मिळाली आहे, पण सध्या ती देता येत नाही. तिच्यात एकीचं सामान चढलं आहे. ती स्वतः अजून चढायची आहे.